आपलं टेबल, आपली जबाबदारी

१ मार्च, शनिवार

पुण्याहून वर्कशॉप आटोपून आत्ताच घरी पोचलो. विषय होता 'व्यवस्थापन आणि कर्मचारी यांच्यातील संयुक्त विचारविनिमय'. सर्टिफिकेट मिळालं. जेवणही बरं होतं. डोळे उघडले. आजवर आपण नारायणगावच्या पॅकहाऊसमध्ये खोक्यांत नुसती द्राक्षं भरली, माणसांत विश्वास भरला नाही. (हे वाक्य चांगलं झालंय. भाषणात वापरायचं.)

लगेच कामगारांबरोबर एक संयुक्त समिती काढायची ठरवली आहे. परदेशी गिऱ्हाइकाची ऑडिटर बाई ७ एप्रिलला येणार आहे आणि अशी समिती आहे का ते बघणार आहे, हा निव्वळ योगायोग. मी समिती तिच्यासाठी काढत नाहीये. मनापासून काढतोय. ७ एप्रिलच्या आत.

जेवताना पप्पा म्हणाले, हा सीझन नीट पार पाडलास तर अक्षय्य तृतीयेला पॅकहाऊसच्या किल्ल्या तुझ्या हातात. नाहीतर जावईबापू बघतील. जावईबापू म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. पुण्यात टाइल्सचं दुकान. त्याला द्राक्षाचा मणी आणि टाइलचा तुकडा यातला फरक विचारला तर एकाला फटींत ग्राउट भरावं लागतं एवढंच सांगेल. पप्पांनी गंमत केली असणार.

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे. साखर बंद. लोकशाही.

२ मार्च, रविवार

पावणेनऊला उठलो. रविवार धरत नाही.

३ मार्च, सोमवार

पॅकहाऊसचा खरा रोग आज सापडला. टेबल चारवर पिंपरी पेंढारची ठकूबाई असायला हवी होती. कात्री घेऊन मणी छाटत होती दुसरीच कोणीतरी. चौकशी केली तर म्हणाली, ठकूबाईच्या भावकीत लगीन हाय, मी तिचं टेबल धरलंय, माझ्या वक्ताला ती माझं धरंल. म्हणजे सावड! आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, ती शेतातली सावड यांनी थेट एक्स्पोर्ट पॅकहाऊसमध्ये आणून ठेवलीय. अर्ज नाही, मंजुरी नाही, काही नाही.

आणखी खोदलं. चैत्रात प्रत्येक गावाची यात्रा वेगळ्या दिवशी. पिंपळवंडीची यात्रा असली की पिंपळवंडीच्या बायका गायब, त्यांची टेबलं जुन्नरच्या आणि कळंबच्या बायका धरतात, आणि संध्याकाळी तिकडेच जेवायला जातात. ईदला जुन्नरच्या मुसलमान बायका गायब, त्यांची टेबलं पिंपळवंडीच्या धरतात. पप्पांना विचारलं, हे कोण ठरवतं? पप्पा बडीशेप चावत म्हणाले, त्यांचं ते बघतात. तीस वर्षं! या तीस वर्षांत एकही कंटेनर चुकला नाही, ही केवळ नशिबाची गोष्ट आहे.

उपाय मला जिन्यातच सुचला. सगळ्या गावांसाठी मिळून एकच सुट्टी. रविवार, २० एप्रिल. सीझन संपल्यावर. नाव: 'सामुदायिक यात्रा दिन'. सगळे धर्म, सगळी गावं, सगळे देव एकाच मांडवात. डीजे कंपनीकडून.

निर्णय झाला आहे. आता फक्त विचारविनिमय बाकी आहे.

५ मार्च, बुधवार

समितीची निवडणूक. मतपेटी केली (बुटांचा खोका, वर सोनेरी कागद). दिवसभरात एकही उमेदवारी अर्ज आला नाही. चार वाजता कळलं की पाण्याच्या नळापाशी दहा मिनिटांत चार नावं ठरली आहेत. पिंपळवंडीचा गेणू, जो कोल्ड रूम चालवतो. कळंबचा सावळेराम, लोडिंगचा मुकादम. पिंपरी पेंढारची ठकूबाई. आणि जुन्नरच्या खातूनभाभी, ज्या शेवटच्या टेबलावर बसून प्रत्येक खोका तपासतात आणि पसंत पडला नाही तर परत पाठवतात. सगळे बिनविरोध. माझ्यावर लोकांचा इतका विश्वास आहे हे माहीत नव्हतं.

अध्यक्षपद मी तात्पुरतं स्वीकारलं. व्यवस्थापनाकडून दुसरी सभासद म्हणून जागृतीला घ्यायचं होतं, हिशेबाचं सगळं तीच बघते. तिचं म्हणणं, आधी घरात विचारविनिमय सुरू होऊ दे, मग येते. बायकोचा विनोद समजायला वेळ लागतो.

७ मार्च, शुक्रवार

गोल टेबल आलं. गोल अशासाठी की कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. माझ्या केबिनच्या दारातून ते आत जात नाही. तूर्त शेडमध्ये ठेवलंय. बायका त्यावर डबे खातात. माझी खुर्ची मात्र चाकांची ठेवली, कारण मला कंबरेचा त्रास आहे.

सगळ्यांनी मला 'सर' म्हणावं अशी नोटीस लावली. सावळेरामने मोठ्याने वाचली आणि म्हणाला, बरं हाय, धाकलं शेठ.

८ मार्च, शनिवार

पहिली बैठक. दुपारी चारला. चहा, क्रीमची बिस्किटं. मी पन्नास मिनिटं बोललो. विश्वास भरण्याचं वाक्य दोनदा घेतलं. मग मोकळेपणाने मत मांडा म्हणालो. कोणी काही बोललं नाही. मौन म्हणजे संमती. गेणू शेवटी म्हणाला, बघू की. त्याला उत्साही होकार म्हणून नोंदवलं. इतिवृत्त मी सकाळीच लिहून ठेवलं होतं, त्यात काही बदलावं लागलं नाही.

एकच गालबोट. खातूनभाभींनी चहाला हात लावला नाही. बिस्किटालाही नाही. पाणीसुद्धा नको म्हणाल्या. हा मूक निषेध आहे. वर्कशॉपमध्ये अशा माणसांना 'रेझिस्टन्स' म्हणतात. त्यांना हळूहळू जिंकायचं. उरलेली बिस्किटं वाया जाऊ नयेत म्हणून मी खाल्ली. साखर सोमवारपासून बंद.

९ मार्च, रविवार

जागृती म्हणाली, रमजान सुरू होऊन आठवडा झाला. मला माहीत होतंच. मी निरीक्षण करत होतो.

१५ मार्च, शनिवार

दुसरी बैठक. यावेळी चहा ठेवलाच नाही. सर्वधर्मसमभाव. बाकीच्या तिघांची तोंडं उतरली, पण बदलाला वेळ लागतो.

'सामुदायिक यात्रा दिना'चं प्रेझेंटेशन दाखवलं. शेवटच्या स्लाइडवर सगळ्या गावांच्या देवांचे फोटो एकाच बॅनरवर, मध्ये आपला लोगो. लोगो किंचित मोठा झालाय. मग चर्चा खुली केली, आणि बांध फुटल्यासारखे सगळे बोलायला लागले. कसं व्यवस्थित चाललं होतं!

सावळेराम म्हणाला, यात्रंला लेकी म्हायेराला येत्यात, वर्साचा तेवढाच एक दीस, त्या काय हितं पॅकहाऊसला येतील व्हय? मी सांगितलं, अवश्य येतील, गेटवर ओळखपत्र दाखवावं. ठकूबाई म्हणाली, आन् देवाला काय सांगायचं, तुजी तारीख मीटिंगमदी बदलली म्हनून? मी म्हणालो, देव समजून घेतो. ती म्हणाली, देव घील, सासू न्हाई घ्यायची.

खातूनभाभींनी विचारलं, आन् ईद? मी म्हणालो, ईदही २० एप्रिललाच, सगळ्यांबरोबर.  त्या म्हणाल्या, ईद चांद दिसल्यावर असती, हितेशभाऊ. मी म्हणालो, ठीक आहे, तुमच्यासाठी अपवाद करायला मी तयार आहे, फक्त चंद्राची तारीख आठ दिवस आधी लेखी द्या. त्या म्हणाल्या, चांदाला इचारते. इतिवृत्तात लिहिलं: 'संबंधितांशी संपर्क साधून कळवणार.'

विचारविनिमय म्हणजे दोन्ही बाजूंनी लवचीक असणं. म्हणून मी दोन पर्याय दिले. २० एप्रिल सकाळी किंवा २० एप्रिल संध्याकाळी. एकमत न झाल्याने सकाळ ठरली.

१८ मार्च, मंगळवार

सावड बंद. परिपत्रक काढलं. यापुढे कोणीही दुसऱ्याच्या टेबलावर काम करायचं नाही, दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. शेडमध्ये सहा फुटी बोर्ड लावला: 'आपलं टेबल, आपली जबाबदारी'. घोषणा माझी. जुन्नरचा पेंटर म्हणाला, लई भारी लाइन हाय, इलेक्शनला उभं ऱ्हायचंय का? विचार करण्यासारखं आहे. बोर्ड पडू नये म्हणून मागून सिमेंट लावून घेतला.

आज पाचला उठलो! तहान लागली होती. पाणी पिऊन झोपलो.

२२ मार्च, शनिवार

तिसरी बैठक. एकही तक्रार नाही. उलट लोकांना आता नियमांची गोडी लागली आहे. गेणूने विचारलं, रूल पक्का ना? कायबी झालं तरी दुसऱ्याच्या टेबलाला हात लावायचा न्हाई? मी म्हणालो, काहीही झालं तरी. सावळेरामनेही तेच विचारलं. मग ठकूबाईने. खातूनभाभींनी तर मला बोर्डापाशी नेऊन पुन्हा एकदा वाचून घेतलं. गहिवरून आलं.

२५ मार्च, मंगळवार

शिस्त डोळ्यांना दिसू लागली आहे. शेडमध्ये पूर्वी काय गोंगाट असायचा! हसणं, सुनांची गाऱ्हाणी, कोणाच्या तरी म्हशीची चौकशी. आता चिडीचूप. टेबल तीनवरच्या खोक्यांच्या पट्ट्या संपल्या. शेजारी टेबल चारवर ढीग पडला होता. कोणी इकडची काडी तिकडे केली नाही. टेबल तीन पाऊण तास शांत उभं होतं. सुंदर दृश्य.

पप्पा येऊन गेले. शेडभर फिरले, बोर्ड वाचला, चहा मागवला, प्यायले आणि गेले. काही बोलले नाहीत. पसंत पडलं.

३१ मार्च, सोमवार

काल चंद्र दिसला म्हणे. मला लेखी कळवलं गेलं नाही.

आज जुन्नरच्या पंधरा बायका आणि खातूनभाभी आल्या नाहीत. पाच टेबलं रिकामी. पिंपळवंडीच्या बायका त्या टेबलांकडे बघायच्या, मग बोर्डाकडे, मग परत आपली कात्री. मी मधून फेऱ्या मारून त्यांना प्रोत्साहन दिलं. निम्मा माल झाला.

खोके तपासायला कोणी नाही म्हणून खातूनभाभींच्या जागेवर मी स्वतः बसलो. अध्यक्षाने तळागाळात उतरावं. मी एकही खोका परत पाठवला नाही. यावरून लक्षात यावं की एवढे दिवस त्या बाई उगाच किती अडवणूक करत होत्या.

१ एप्रिल, मंगळवार

खातूनभाभींनी सगळ्यांसाठी मोठ्या पातेल्यातून शीरखुर्मा आणला. साखर बंद असल्यामुळे दोनच वाट्या घेतल्या. संबंध टिकवावे लागतात. ठकूबाई भाभींना म्हणाली, या बारीला तुमची टेबलं धरता आली न्हाईत, जिवाला लागलं. भाभी म्हणाल्या, तुमचा काय गुन्हा? बोलताना दोघी माझ्याकडे बघत नव्हत्या. कौटुंबिक वातावरण आहे.

३ एप्रिल, गुरुवार

सोमवारच्या मालातला एक लॉट मुंबईहून परत आला. घडांत फुटके मणी, दोन खोक्यांत कात्री. एकेक. बाजार मंदा असला की व्यापारी असल्या खोड्या काढतात. जागृतीने पप्पांना सांगितलं. न सांगताही चाललं असतं. पप्पांनी विचारलं, कात्र्या मिळाल्या ना परत?

४ एप्रिल, शुक्रवार

गेणू उद्याच्या पिंपळवंडीच्या यात्रेचं आवतान द्यायला आला. घाटात बैलगाडे पळणार आहेत, सांजच्याला जेवान, याच मंग, म्हणाला. मी त्याला प्रेमाने आठवण करून दिली की यात्रा २० तारखेला आहे. तो म्हणाला, बघू की. समजूतदार माणूस. पटलं त्याला.

उद्या महत्त्वाचा दिवस. सगळी खोकी संध्याकाळी सहाच्या आत कोल्ड रूममध्ये गेली पाहिजेत, तरच रविवारी सकाळी कंटेनर भरून वेळेत बंदराला पोचेल. नाही पोचला तर जहाज जाईल, माल राहील, आणि पप्पा पुण्याला फोन लावतील. पण घाबरण्याचं कारण नाही. शिस्त आहे.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी ९. पिंपळवंडीचा टेम्पो रिकामा आला. ड्रायव्हर म्हणाला, गाव सजलंय, कोन येतंय आज. चौदा टेबलांपैकी सहा ओस. गेणू नाही. हा करारभंग आहे. विश्वास भरायचा आणि असं फळ!

११. उरलेल्यांना आवाहन केलं की थोडी थोडी ती टेबलंही घ्या. सगळ्यांनी माना वर करून बोर्ड वाचला. सावळेराम म्हणाला, धाकलं शेठ, तुमीच म्हनला व्हता, कायबी झालं तरी. मी म्हणालो, हे 'काहीही' त्या 'काहीही'मध्ये येत नाही. त्याने विचारलं, मंग बैठक लावायची का? येत्या शनिवारी?

दुपारी १. मी, जागृती आणि टेम्पोचा ड्रायव्हर टेबल पाचवर. माझा पहिला खोका खातूनभाभींनी परत पाठवला. दुसराही. ड्रायव्हरचा पास झाला. मी त्यांच्याशी बोललो, की परिस्थिती पाहून निकष थोडे शिथिल करता येतील. भाभी म्हणाल्या, द्राक्षाला परिस्थिती कळत न्हाई.

३. अजून अर्धा माल न छाटता पडलाय. डोकं दुखतंय. पप्पा आले आणि शेडच्या दारात क्रेट उलटा करून बसले. काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं आज वेगळं वाटलं.

३.२०. दूरदृष्टीने निर्णय घेतला: परिपत्रक प्रायोगिक तत्त्वावर तीन तास स्थगित. जाहीर केलं. कोणी हललं नाही. बोर्ड हाय की अजून, ठकूबाई म्हणाली. बोर्ड काढायला स्टुलावर चढलो. सिमेंट! निघेना. शेवटी त्यावर माझा कोट टांगला.

मग काय झालं ते सांगता येत नाही. खातूनभाभी उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, पिंपळवंडीच्या पोरींनी आमच्या दर ईदला टेबलं धरल्यात, चला गं. आणि सगळी शेड एकदम बोलायला लागली. कात्र्या, सुना, म्हशी. खोकी सरसर पुढे. पावणेसहाला शेवटचा खोका आत गेला.

माझा निर्णय अचूक ठरला.

संध्याकाळी ७. सगळे हातपाय धुऊन टेम्पोत बसून पिंपळवंडीला जेवायला गेले. पप्पाही पुढच्या सीटवर बसून गेले. ते आमटीच्या वासावर पंगतीत बसणार आणि स्वतःची बिनकांदा-लसणाची मुगाची खिचडी डब्यातून खाणार. जागृतीही गेली. टेम्पोत जागा नव्हती असं नाही, पण कोल्ड रूमचं तापमान बघायला जबाबदार माणूस हवा म्हणून मी थांबलो. आकडा हळूहळू उतरत होता. मी बघत होतो म्हणून उतरला. भूक लागली. ऑफिसात बैठकीसाठी आणलेली बिस्किटं होती.

६ एप्रिल, रविवार

कंटेनर वेळेवर गेला. संयुक्त विचारविनिमयाचा विजय. पप्पांना मी तसं म्हणालो. पप्पा म्हणाले, काल बुंदी चांगली होती.

७ एप्रिल, सोमवार

ऑडिट. आयुष्यातला सोनेरी दिवस!

बाईंनी आधी समितीशी एकटीने बोलायचं म्हटलं. मी बाहेर. तासभर दार बंद. आतून हसण्याचे आवाज. मी दाराजवळून तीनदा सहज गेलो, पण पंख्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मग बाई बाहेर आल्या, चेहरा प्रसन्न. त्यांनी मला पप्पांसमोर विचारलं, तुमच्याकडे सुट्ट्या कोण ठरवतं?

काय सुचलं मला! म्हणालो, समिती. सर्वानुमते. इथे एकही सुट्टी समितीशिवाय मंजूर होत नाही. माझी स्वतःचीसुद्धा नाही. बाईंची मान हलली. पेन चालू होतं. मला चेव चढला. म्हणालो, सुट्टीचं काय घेऊन बसलात मॅडम, कोणाच्या हातात काय सोपवायचं, हेही आम्ही समितीलाच विचारतो.

पप्पांनी बडीशेप चावणं थांबवलं. अभिमानाने ऊर भरून आला असेल.

८ एप्रिल, मंगळवार

रिपोर्ट आला. पास! 'सर्व निर्णय समिती सर्वानुमते घेते, व्यवस्थापकांची रजाही तीच ठरवते, ही पद्धत अशीच चालू ठेवावी.' पप्पांनी हे वाक्य जागृतीकडून दोनदा वाचून घेतलं. आता किल्ल्या माझ्याच. केबिनला रंग कोणता द्यावा? हलका पिस्ता.

गुरुवारी महावीर जयंती. नारायणगावच्या मिरवणुकीत यंदा आपल्या घराकडे पुढच्या ध्वजाचा मान आहे, आणि ध्वज मी धरणार. झब्बा शिवून आला. थोडा घट्ट आहे, म्हणजे रुबाबदार.

९ एप्रिल, बुधवार

पुढच्या कंटेनरचा माल उद्याच भरायचा आहे. म्हणून पप्पांनी सांगितलं, सुट्टी हवी तर समितीला विचार. मी हसलो. पप्पा हसले नाहीत.

समिती गोल टेबलावर जमलीच होती. बैठक मी बोलावली नव्हती. चाकांच्या खुर्चीवर ठकूबाई बसली होती, तिची कंबर धरलीय म्हणे. मी उभ्यानेच विषय मांडला. सगळ्यांनी फार आदराने ऐकलं. खातूनभाभी म्हणाल्या, देवाचं काम हाय, जायलाच पायजे. मला वाटलं, झालं. मग त्यांनी विचारलं, तुमचं टेबल कोन धरतंय? मी म्हणालो, मला टेबल नाही. गेणू म्हणाला, मंग सुट्टी कशातनं मागताय?

त्यांनी मला टेबल दिलं. सहा नंबर.

मग भाभींनी अगदी मऊ आवाजात विचारलं, आजवर तुमी कुनाचं टेबल धरलं, हितेशभाऊ? जो कोनी आसंल त्याला सांगू, उद्या तुमचं धर म्हनून. मी आठवलं. बराच वेळ आठवलं. ईदला भाभींच्या जागी बसलो होतो ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, त्यो माल माघारी आला न्हवं? शनिवारी गेणूच्या जागी तापमान बघितलं होतं, तेही सांगितलं. गेणू ओशाळून म्हणाला, त्ये आपलं आपन उतरतं, राव. सावळेरामने चौघांना एकेक करून विचारलं. कोणाकडे माझं काही निघत नव्हतं. ठकूबाईला फार वाईट वाटलं. ठराव सर्वानुमते झाला: सुट्टी नाही.

पप्पांची सुट्टी मिनिटात मंजूर. कळंबच्या यात्रेला ते दरवर्षी दिवसभर सावळेरामच्या जागी उभे राहतात म्हणे. उद्या सावळेराम त्यांच्या जागी गेटवर बसणार. हे मला कधी कोणी सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं, असं जागृतीचं म्हणणं.

रात्री पप्पांना स्पष्टच विचारलं, ही थट्टा पुरे, किल्ल्यांचं काय? पप्पा म्हणाले, ऑडिटवाल्या बाईसमोर तूच बोललास. मी खोटं कसं पाडू? तेही समितीला विचारू. सर्वानुमते हो म्हणाले तर तुझ्या. अक्षय्य तृतीयेला अजून तीन आठवडे आहेत.

१० एप्रिल, गुरुवार

दुपारी १. टेबल सहा. झब्बा घालूनच आलो, वरून एप्रन, डोक्याला जाळीची टोपी. मिरवणूक पॅकहाऊसवरूनच गेली. ढोल वाजला तसे सगळे दाराशी धावले. मीही गेलो. पप्पा पांढऱ्या कपड्यांत पुढे. ध्वज जावईबापूंच्या हातात. सकाळच्या गाडीने आले होते. चांगला उंच धरला होता, हे मान्य करायला हवं. त्यांनी मला ओळखलं नाही. टोपीमुळे.

संध्याकाळी ६. दिवसभरात माझे नऊ खोके झाले. सात परत आले. भाभींनी प्रत्येक वेळी मणी बोटावर घेऊन दाखवला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बोटाला कात्री लागली आहे.

खूप विचार केला. खरंच केला. चार जणांचा होकार हवा आणि माझ्या नावावर कोणाचं एक टेबल नाही. म्हणजे आता टेबलं धरायची. सीझन संपायच्या आत. पुढच्या आठवड्यात पिंपरी पेंढारची यात्रा आहे. ठकूबाई डबा धूत होती, तिच्याकडे गेलो आणि मनापासून सांगितलं, या वेळी तुम्ही निश्चिंत यात्रेला जा, तुमचं टेबल मी धरतो.

ती डबा धुवायची थांबली. मला लागू नये अशा बेताने शब्द शोधत होती, ते दिसत होतं. मग म्हणाली, नगं धाकलं शेठ. तुमी टेबल धरलं तर मला यात्रा सोडून यावं लागंल.